सोळा तांबे

मु. माळेगाव बुद्रुक, ता. बारामती
माघ वद्य ३, शके १८५८

चि. सौ. रतनला आईचा आशीर्वाद.

इकडं सगळी बरी हायेत. तुझ्या आबांचा गुडघा तसाच. तुझं कार्ड आलं. पुन्हा असलं उघडं कार्ड टाकू नको. "सासूबाई बावड्याची पोरगी बघून आल्या" असं कार्डावर लिहितेस, आणि पोस्टमन ते वाचून वेशीपासनंच तोंड पाडून येतो. मला कळायच्या आधी गावाला कळलं. पाकीट टाकत जा.

आता नीट ऐक. रडून काय व्हत न्हाय. लग्नाला चार वर्षं झाली, तुझी कूस उजवली न्हाय, म्हणून विहीणबाई लेकाला दुसरी बघतात. मी त्यांच्या जागी असते तर मीबी तेच केलं असतं. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाल्यात न्हवं? मग दिवाळीच्या आत आपण काम उरकायचं.

हितं कुंडलिक मास्तर म्हणून हायेत. बारामतीला शाळेवर हुते, आता पेन्शनीत निघालेत आणि पाण्यानं रोग बरे करतात. गंडा न्हाय, ताईत न्हाय, मुळी उगाळायची न्हाय. शेजारच्या रंगूबाईचं पित्त त्यांनीच घालवलं. मी जाऊन तुझं सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "धोंडाबाई, पोरीच्या पोटात उष्णता हाय. तापल्या तव्यावर बी टाकलं तर उगवंल का?" मी म्हटलं, न्हाय. "मग तवा थंड करा."

तर असं करायचं. दिवस उगवायच्या आत चार तांबे, दिवसभरात बारा, म्हंजे सोळा झाले. रुखवतात दिलेला पितळी तांब्या हाय तुझ्याकडं, त्याच मापानं. आणि एक्केचाळीस दिवस मीठ बंद. मीठ म्हंजे उष्णतेचं मूळ. भाकरीत न्हाय, कालवणात न्हाय, ताकात न्हाय. लोणच्याच्या बरणीकडं बघायचंबी न्हाय. पाडव्याच्या आसपास दिवस भरतील.

खालच्या तुकड्यात यंदा काय पिकंल असं दिसत न्हाय. पाटाचं पाणी पिऊन पिऊन जमीन चोपण झाली, वर पांढरं मीठ फुटलंय. तुझ्या आबांना सांगून थकले की बारी आली म्हणून पाणी सोडत बसू नका, पिकाला किती पायजे ते बघा. ऐकतील तर शपथ.

तू तरी ऐक.

तुझी आई, धोंडाबाई

*

इंदापूर
माघ वद्य १२

तीर्थरूप आईस रतनचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीटच टाकलं आहे. तू सांगितलंस ते सुरू केलं. पण सोळा होत नाहीत गं. पहिल्या दिवशी सहा झाले आणि पोट असं तटतटलं की वाकून भाकरी थापता येईना. आता दहा होतात. पोटात पाणी डुचमळतं, चालताना मला ऐकू येतं.

सासूबाई हसतात. काल म्हणाल्या, "आपल्या गोठ्यात एक म्हैस होती, आता दोन झाल्या." मी म्हटलं, आईनं सांगितलंय, पोटपाण्याचं औषध आहे. मग म्हणाल्या, "कर बाई, कर. मला काय बावड्याची हौस आहे?" आई, त्या वाईट नाहीत.

मळ्यात मात्र पंचाईत होते. मोटेवर हे असतात, वाफ्यात गडी असतात, आणि मला घडीघडी बांधाआड पळावं लागतं. वांग्याला पाणी देताना ह्यांनी विचारलं, "तुझं काय चाललंय?" मी म्हटलं, तुमच्याच वंशाचं चाललंय. ते लाजले. तुझ्या जावयाला लाजता येतं हे मला चार वर्षांनी कळलं.

अळणी खाणं जड जातं. ऊन वाढलं आहे, घाम फार येतो. एक विचारू का? मला तहान नसते. तहान नसतानाही प्यायचं का?

तुझी रतन

*

माळेगाव बुद्रुक
फाल्गुन शुद्ध ३

चि. सौ. रतनला आशीर्वाद.

तहान नसताना प्यायचं का म्हणून विचारतेस! तहान लागल्यावर गाढवबी पितं. औषध भूक लागली म्हणून घेतात का? दहावर अडलीस. तुला लहानपणापासनं अर्ध्यावर सोडायची खोड. चौथीत शाळा सोडलीस, गोधडी अर्धी शिवून ठेवलीस ती अजून माळ्यावर हाय. मला दोन बुकंच शिकू दिली बापानं, म्हणून तुझ्या चौथीसाठी मी सासूशी भांडले हुते. ती चौथी अशी पत्रातनं रडायला न्हवती.

मी मास्तरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, दहानं नुसता वरचा मळ निघतो, आतली उष्णता तशीच राहते. आणि पुढचंबी सांगून ठेवलंय. मधे कधी डोकं दुखंल, मळमळंल. भ्यायचं न्हाय. उष्णता बाहेर पडताना धक्के मारती. तेव्हा उलट दोन तांबे जास्त घ्यायचे.

लाजायचं काम न्हाय. बांधाआड पळावं लागतं तर पळ. सवत आली की घरातनंच पळावं लागंल.

सोळा म्हंजे सोळा.

तुझी आई

*

इंदापूर
फाल्गुन शुद्ध १४

तीर्थरूप आईस नमस्कार.

उद्या होळी. पुरणाची डाळ निवडून झाली, म्हणून बसायला वेळ मिळाला. सोळा होतात आता. दहा दिवस झाले रोज सोळा.

मास्तर म्हणाले तसंच झालं. डोकं दुखतं, सकाळी फार. पहिले चार तांबे पोटात गेले की दोन उलटून पडतात. ते मी पुन्हा पिते, मोजणी चुकू नये म्हणून. हात सुजल्यासारखे वाटतात. परवा कासार आला होता, त्याला जुन्या बांगड्या निघेनात. साबण लावला तरी निघेनात. तो म्हणाला, "वहिनी, गेल्या खेपेला माप लहान होतं की." पाय जड झालेत. पायऱ्या चढताना पोटऱ्यांना गोळे येतात.

आई, एक चूक झाली आहे. तुला खोटं सांगणार नाही. म्हशीच्या गव्हाणीत ह्यांनी मिठाचा खडा ठेवला आहे. ती चाटत होती आणि मी तिथंच उभी राहून बघत होते. माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की काय सांगू. इकडं तिकडं बघितलं आणि तिला बाजूला सारून मी तो खडा चाटला. एकदा नाही, बराच वेळ. म्हैस माझ्याकडं बघत होती. आणि खरं सांगते, त्या दुपारी डोकं दुखायचं थांबलं. रात्री मला लाज वाटून झोप आली नाही. गुरांच्या गव्हाणीत तोंड घातलं मी.

आता पुन्हा करणार नाही. पण त्यानं सगळं वाया गेलं का, एवढं मास्तरांना विचार.

तुझी रतन

*

माळेगाव बुद्रुक
फाल्गुन वद्य ५

चि. सौ. रतनला अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं येडे! अगं शिकलेल्या येडे! सकाळच्या उलट्या, हात-पाय जड, बांगड्या निघत न्हाईत, खारट खायचे डोहाळे, आणि हे सगळं माझ्याकडं दुखणं म्हणून लिहितेस? पाच बाळंतपणं झालीत माझी, त्यातली तू एकटी राहिलीस. मला कुणी शिकवायला नको. तुला दिवस गेलेत. पत्र वाचलं आणि मी खुरपं टाकून बांधावर बसले. तुझे आबा म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, तुमचा गुडघा बरा करून ठेवा, नातवामागं पळायचंय. तर तो घुमा माणूस हसला.

मास्तरांनी हात जोडले देवाला. पण म्हणाले, मीठ चाटून डोकं दुखायचं थांबलं तरी चाटलं हे वाईट झालं, आता उष्णता पुन्हा शिरली तर गर्भ टिकायचा न्हाय. म्हणून पाडव्यानंतर आणखी एकवीस दिवस अळणी. आणि पाणी आता दोघांचं प्यायचं. वीस तांबे. कळलं? गव्हाणीकडं फिरकू नको. खडा जावयाला सांगून काढायला लाव.

विहीणबाईंना मी वेगळी चिठ्ठी लिहिली हाय, ती याच पाकिटात हाय. तू लाजशील आणि महिनाभर तोंडातनं शब्द काढायची न्हाईस, मला ठावं हाय. जोतीराम गाडीवान इंदापूरच्या बाजाराला येतोय, त्याच्यासंगं हिरव्या बांगड्या धाडते, मोठ्या मापाच्या.

आता बघू बावड्याची पोरगी कुठल्या दारानं येती ते.

तुझी आई

*

इंदापूर
चैत्र शुद्ध २, शके १८५९

तीर्थरूप आई आईस नमस्कार.

बांगड्या पोचल्या. बसल्या हातात. चिठ्ठी सासूबाईंना ह्यांनी वाचून दाखवली. त्या उठल्या आणि माझी दृष्ट काढली. पाडव्याला आळीत गूळ वाटला. आता मला मोट, वाफे काही करू देत नाहीत. मी झोपले की उशाशी तांब्या भरून ठेवतात. स्वतः हातात देतात. "पी माझे बाई, दोघांचं पी" म्हणतात. त्या माझ्याशी अशा कधी बोलल्या नव्हत्या.

आई दिवस नाही गेले. होळीनंतर आठ दिवसांनी मी बाहेरची झाले. तुझी चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. गूळ वाटायच्या आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. कुणाला कळू दिलं नाही, तशीच चुलीपाशी वावरले, देवाला हात लावला. पाप झालं असेल. आता कसं सांगू. आता सांगितलं तर बावड्याची उद्या येईल.

म्हणून मी जास्त पिते. मास्तर म्हणाले ना थंड झालं की होतं. मग लवकर होऊ दे म्हणजे खोटं खरं होईल आणि कुणाला कळायचं नाही. काल बावीस झाले. का तेवीस. मोजणी विसरते. तांब्या भरते आणि कशाला भरला ते विसरते. ह्यांना मी सकाळी आबा म्हटलं. ते हसले.

डोकं दुखतं आई. अक्षर नीट येत नाही, रागावू नको. गोधडी मी येऊन पुरी करीन. माळ्यावर आहे ना गोधडी. गोधडी पुरी करीन

रतन

*

इंदापूर
चैत्र वद्य १०

विहीणबाई धोंडाबाई यांना प्रयागबाईचा नमस्कार.

हे अक्षर गेणूचं हाय, बोल माझे हायेत. आई, असं लिहू का, म्हणून तो विचारतोय. मी सांगितलं, जसं बोलते तसं लिही. तुझी बायको होती, तुला कळू दे.

रतनच्या दहाव्यापर्यंत तुमी हितं राहिलात. घाटावर चार बायकांत माझ्याकडं बोट करून म्हणालात, "उन्हात राबवून मारली माझी पोर." मी ऐकून घेतलं. मला वाटलं, पोटचं गेलंय, बोलू दे. तवा मी तुमाला डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं न्हाय. पोटुशी बाई झटके येऊन जाती, आमच्या चुलतसासूची तशीच गेली. तुमालाबी तसंच वाटू दे, म्हणून गप्प बसले.

काल तिची पेटी उघडली. लुगड्याखाली तुमची पत्रं होती. गेणूनं एकेक वाचून दाखवलं. आता गप्प बसत न्हाय.

चैत्र शुद्ध चतुर्थीला सकाळी ती माजघरात भिंतीशी बोलत होती. मी म्हटलं, "कुणाशी गं?" म्हणाली, "म्हशीला सरक म्हणतेय." मला वाटलं, उन्हाळा डोक्यात गेला. मी काय केलं, ऐका. तिला मांडीवर घेतली आणि एकावर एक तीन तांबे पाजले. तिनं तोंड फिरवलं. मी तिचा जबडा धरला. "लेकरासाठी पी," म्हटलं. ती प्याली. घटकाभरानं डोळे फिरले, दातखीळ बसली, हात-पाय वाकडे झाले. बायका म्हणाल्या, बाहेरचं हाय, लिंबू उतरा. त्यात दुपार गेली. मग गेणूनं गाडी जुंपली आणि दवाखान्यात नेली.

डॉक्टर म्हातारा हाय. त्यानं विचारलं, "काय खात होती?"

मी म्हटलं, "अळणी."

"किती दिवस?"

"चाळीस झाले."

"आणि पाणी?"

विहीणबाई, मी ते फुशारकीनं सांगितलं. म्हटलं, "पाण्यात कसूर न्हाय, वीस तांबे रोज, मी हातानं देते."

त्यानं चष्मा काढून मेजावर ठेवला. म्हणाला, "मी पूर्वी आगबोटीवर डॉक्टर होतो. भट्टीपुढं कोळसा मारणारी माणसं घामानं निथळायची, वरनं नुसतं पाणी ढोसायची, आणि असेच झटके येऊन पडायची. घामाबरोबर अंगातलं मीठ जातं. वरनं मीठ न्हाय आणि नुसतं पाणीच पाणी, मग रक्त पातळ व्हतं, मेंदू सुजतो. आमी त्यांच्या पाण्यात मीठ घालत होतो. चिमूटभर मीठ, बाई. काल आणली असती तरी बघता आलं असतं." त्यानं सुईनं खारं पाणी घातलं तिच्या अंगात. दिवस मावळायच्या आत ती गेली.

आणि आणखी एक. पोटुशी न्हवती ती. आंघोळ घालताना बायकांना न्हाणीत तिनं लपवलेली विटाळाची फडकी सापडली. म्हंजे मी वाटला तो गूळ कशाचा, ते तुमी मला सांगा.

तिनं मीठ चाटलं तर डोकं थांबलं, असं तिनं तुमाला लिहिलं होतं. तुमच्या उत्तरावरनं कळतंय. जनावराला कळत होतं, तिच्या जिभेला कळत होतं. तुमाला आणि मला तेवढं कळलं न्हाय.

शेवटचे तीन तांबे माझे हायेत. ते मी तुमच्यावर टाकत न्हाय. बाकीचे तुमचे.

प्रयागबाई

(मामी, बावड्याला नाही म्हणून कळवलं आहे. मी दुसरं करणार नाही. आईला हे लिहिलेलं माहीत नाही. गेणू.)

*

माळेगाव बुद्रुक
वैशाख शुद्ध ३, आखिती

विहीणबाई प्रयागबाई यांना धोंडाबाईचा दंडवत.

तुमचं पत्र येऊन पाच दिवस झाले. मला कधी उत्तराला येळ लागत न्हाय. या खेपेला लागला.

घाटावर तुमाला बोलले ते मागं घेते. मागं घेऊन काय व्हतंय ते मलाबी कळतंय.

तुमचा माणूस रतन गेल्याचा सांगावा घेऊन आला, त्याच दिवशी दुपारी पोस्टमननं तिचं शेवटचं पत्र आणून दिलं. मी ते न वाचता कनवटीला लावलं आणि इंदापूरची मोटार धरली. मातीला पोचले न्हाय ते तुमाला ठावं हाय. घाटावर तुमच्याशी भांडत हुते तवाबी ते पत्र माझ्या कनवटीलाच हुतं. दहावं करून घरी आल्यावर वाचलं. दिवस न्हवते गेले ते तिनं मला लिहिलं हुतं. तुमाला सांगायला ती भीत हुती. खोटं खरं करायला ती पीत हुती. ते खोटं माझ्या चिठ्ठीतनं तुमच्या घरात आलं. गूळ कशाचा म्हणून विचारलंत. त्याचा. तुमी तीन तांबे स्वतःकडं घेतलेत, ते ठेवू नका. तेबी माझ्या चिठ्ठीचेच.

तुमचं पत्र घेऊन मी कुंडलिक मास्तरांकडं गेले. ओसरीवर चार माणसं बसली हुती. आगबोटीवरच्या डॉक्टरचं वाचून दाखवलं. मला वाटलं, माणूस पांढरा पडंल. ते म्हणाले, "धोंडाबाई, तिनं मीठ चाटलं हुतं. मी तवाच म्हणालो हुतो." मी म्हटलं, "मास्तर, त्या मिठानं तिचं डोकं थांबलं हुतं." तर म्हणाले, "विस्तवावर राख टाकली की विस्तव दिसत न्हाय, विझत न्हाय." चार माणसांनी माना डोलावल्या. मीबी अडीच महिन्यांमागं अशीच डोलावली हुती. माणूस लबाड न्हाय, विहीणबाई. स्वतः रोज चौदा तांबे पितो. सावलीत बसून, आणि चोरून न्हाय पण ताकात मीठ घालून. त्याच्या बायकोनं सांगितलं मला, चुलीपाशी. "त्यांना अळणी ताक जात न्हाय," म्हणाली.

रंगूबाईची सून आता सोळा पिती. सोळा तांब्यांनी रतन गरवार झाली म्हणून गावभर मीच सांगितलं. तिच्या दारात जाऊन म्हटलं, "अगं, बंद कर, माझी पोर गेली यानं." ती म्हणाली, "धोंडाबाई, तुझं नशीब. तूच सांगितलंस म्हणून सुरू केलं, आता तूच मोडता घालतेस? माझ्या घरी पाळणा हलू नये असं वाटतंय व्हय तुला?" सुनेचा हात मी बघितला. बांगड्या रुतल्यात. मी ओरडले. रंगूबाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी गेले, दार लावलेलंच. मी कधी कुणाला सांगितलं आणि कुणी ऐकलं न्हाय असं झालं न्हाय. रतननं तर सगळंच ऐकलं. आणि आता हे एक सांगते तर माळेगावात कान उरला न्हाय.

खालच्या तुकड्यात आज सकाळी तुझ्या... (हे तुझ्या म्हणून लिहिलं, रतनला लिहायची हाताला सवय. खोडत न्हाय.) तिच्या आबांनी पाणी बंद केलं. आता त्यात गवतबी येत न्हाय.

आज आखिती. गेलेल्यांच्या नावानं पाण्यानं भरून केळी ठेवायची. आमच्याकडं केळीला वाटीएवढं तोंड असलेलं मातीचं मडकं आणतात, वर आंबा ठेवतात, उन्हाळ्यात वरच्या माणसाला तहान लागू नये म्हणून. नवीन गेलेल्या माणसाची तर ठेवायचीच. तिचे आबा कुंभाराकडनं मडकं घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवलं. मी मडकं घेऊन पाटावर गेले. वाकले. पाणी मडक्यात गुडगुड जाऊ लागलं आणि मला तिचं वाक्य आठवलं, चालताना मला ऐकू येतं. मडकं हातातनं सुटलं आणि पाटात वाहत गेलं.

दुसरं मागवलं. ते भरलं. मग घरात आले, मिठाच्या मडक्यात हात घातला आणि मूठभर खडे पाण्यात टाकले. जाऊबाई बघत हुती. म्हणाली, "अगं, पितरांना खारं पाणी? कुणी बघितलं तर काय म्हणंल?" मी म्हटलं, म्हणू दे.

मला ठावं हाय, आता मुठीनं घातलं काय आणि पोत्यानं घातलं काय. ती आता मला ऐकत न्हाय.

तुमीबी तितं तिची केळी ठेवली असंल. नुसत्या पाण्याची असंल. संध्याकाळच्या आत एवढं करा, त्यात मीठ टाका. पत्र पोचेपर्यंत आखिती सरून चार दिवस झालेले असतील, ते मला कळतंय. तरी टाका. रुखवताचा तांब्या तुमच्याकडंच ठेवा, हिकडं धाडू नका.

धोंडाबाई